मोठं पातेलं, मोठी शेगडी आणि बंद गॅरेज

गेल्या जानेवारीत मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला एक फोटो पाठवला. स्टेनलेस स्टीलचं ३८ लिटरचं नवं कोरं पातेलं, त्याखाली तीन पायांची लोखंडी शेगडी, शेजारी प्रोपेनचा सिलिंडर आणि मागे भिंतीला टेकवलेलं बर्फ उपसायचं फावडं. खाली मजकूर होता : ‘मावशी, आता बीअर पूर्ण उकळीची! बाहेर उणे अठरा आहे, म्हणून शेगडी गॅरेजमध्येच लावतोय. दार फूटभर उघडं ठेवलं की पुरे ना?’

‘पुरे नाही. पेटवू नकोस, फोन कर,’ असं मी तातडीने कळवलं. पण नुसत्या ‘नाही’ने इंजिनीअर माणसाचं समाधान होत नाही. त्याला कारण हवं असतं, आणि शक्यतो आकड्यांत. त्या फोनवर आम्ही मांडलेला हिशेब म्हणजेच आजचा हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत घरी बीअर बनवणं हा कायदेशीर छंद आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथल्या किराणा दुकानांत माल्टच्या पाकाचे डबे ‘बेकिंगसाठी’ म्हणून विकले जात. त्यातल्या कितीकांचा ब्रेडशी संबंध येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बंदी उठल्यावर घरगुती वाइनला परवानगी मिळाली, बीअर मात्र राहून गेली. १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती उणीव भरून निघाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, तेही स्वतःपुरतं, विक्रीसाठी नाही. राज्यांचे कायदे वेगळे असल्याने मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत तर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे, मग ते घरी आणि स्वतःपुरतं का असेना. तेव्हा ही पाककृती नव्हे. पण या छंदात ‘छोट्या भांड्यातून मोठ्या भांड्यात’ जाताना जे प्रश्न उभे राहतात, ते आपल्या लग्नघरच्या चुलीचे, न्हाणीघरातल्या बंबाचे आणि गॅस गीझरचेही आहेत.

अर्धी उकळी आणि पूर्ण उकळी

बीअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, अर्थात माल्टचा गोड काढा यीस्टने आंबवलेला. धान्यातून हा काढा काढणं वेळखाऊ असतं, म्हणून नवशिके लोक तयार माल्टचा अर्क वापरतात. काकवीसारखा दाट असा हा अर्क दीड किलोच्या डब्यांत मिळतो. १९ लिटर, म्हणजे पाच गॅलन बीअरसाठी साधारण दोन डबे लागतात. अर्क पाण्यात विरघळवायचा, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं घालून तासभर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टचं विरजण लावायचं.

अडचण अशी की घरच्या शेगडीवर १९ लिटर उकळत नाही. म्हणून सुरुवातीला ‘अर्धी उकळी’ काढतात. सगळा अर्क नऊ-दहा लिटर पाण्यात घालून उकळायचा आणि शेवटी वरून गार पाणी ओतून १९ लिटर करायचे. वाढत्या पाहुण्यांसाठी आमटी वाढवावी तसंच.

या युक्तीला दोन ठिकाणी किंमत मोजावी लागते. पहिली रंगाची. सगळा अर्क निम्म्या पाण्यात असल्याने काढ्यातली साखर बारा टक्क्यांच्या जागी चोवीस टक्क्यांच्या आसपास असते. दाट द्रावणात साखर आणि प्रथिनांचे घटक यांची जोरात गाठ पडते आणि काढा तांबूस होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय माइयार यांनी १९१२ मध्ये मांडलेली ही अभिक्रिया आपण बासुंदी आटवताना रोज पाहतो. सोनेरी बीअर करायला जावं आणि ती चहाच्या रंगाची व्हावी, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार त्यातूनच येते.

दुसरी किंमत कडवटपणाची. हॉप्समधली आम्लं उकळताना रूप बदलतात आणि मगच पाण्यात विरघळून कडू लागतात. दाट काढ्यात ती कमी उतरतात. अमेरिकेतल्या ग्लेन टिन्सेथ यांचं या हिशेबाचं सूत्र छंदिष्टांमध्ये सर्वत्र वापरलं जातं. त्यानुसार तासभराच्या उकळीत पातळ काढ्यात हॉप्सच्या आम्लांपैकी सुमारे २३ टक्के उपयोगी पडतात, तर दुप्पट दाट काढ्यात सुमारे १५ टक्के. हा अंदाज असला तरी दिशा स्पष्ट आहे.

म्हणूनच चार-सहा घाणे काढून हात बसला की प्रत्येकाला ‘पूर्ण उकळी’ खुणावू लागते. सगळं पाणी, सगळा अर्क एकाच वेळी एकाच भांड्यात. एक लक्षात घ्या, यात बीअर वाढत नाही. ती १९ लिटरच राहते. वाढतं ते फक्त उकळणारं पाणी.

उष्णतेचा हिशेब

तासाभरात तीन ते चार लिटर पाणी वाफ होऊन जातं. त्यामुळे १९ लिटर हातात यायला २३-२४ लिटरपासून सुरुवात करावी लागते. एवढं पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे आठ हजार किलोज्यूल, म्हणजे सव्वादोन युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. साडेतीन लिटरची वाफ करायला जवळपास तितकीच आणखी. ज्या जेम्स ज्यूल यांच्या नावाने आपण ही ऊर्जा मोजतो, ते इंग्लंडमधल्या बीअर उत्पादकाचे चिरंजीव होते आणि घरच्या ब्रुअरीचं कामही पाहत असत. उष्णतेचा हिशेब काटेकोर ठेवणं त्या धंद्याची गरज होती.

तिकडच्या घरगुती गॅस शेगडीचा साधा बर्नर ताशी ९,००० बीटीयूचा, म्हणजे अडीच किलोवॅटच्या थोडा वर असतो. त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. पाण्याला मिळतो जेमतेम एक किलोवॅट. या हिशेबाने २४ लिटरला उकळी यायला दोन तासांहून अधिक लागतात आणि त्यानंतरही ते खदखदत नाही. कारण उघड्या मोठ्या भांड्याच्या तोंडातून आणि अंगातून तेवढीच उष्णता बाहेर पडत राहते. शेगडी देते तेवढं भांडं गमावतं.

म्हणून प्रोपेनची बाहेर वापरायची शेगडी येते. तिची ताकद ५०,००० बीटीयूच्या पुढे, म्हणजे घरच्या बर्नरच्या पाच-सहा पट. अर्ध्या तासात उकळी. लग्नात आचारी घरचा गॅस न वापरता भट्टी का लावतो, तेच कारण. फरक एवढाच की आचाऱ्याची भट्टी मांडवाच्या मागे, मोकळ्यावर असते.

गॅरेजमधली हवा

मोठ्या शेगडीला फक्त गॅस जास्त लागत नाही, हवाही जास्त लागते. ५०,००० बीटीयूची शेगडी तासाला सुमारे एक किलो प्रोपेन जाळते. एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला साधारण १३ घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू खर्च होतो. एका गाडीच्या गॅरेजमध्ये हवा असते जेमतेम ५० घनमीटर. म्हणजे दार-खिडक्या बंद असतील तर तासाभरात गॅरेजमधल्या पाव हवेचा प्राणवायू संपेल, आणि हे काम दीड तास चालतं.

प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात हळूहळू साठत जातो. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि थकव्याने होते. माणसाला वाटतं, अपचन झालं किंवा ताप येतोय. दोन घटका बसावं म्हणून तो तिथेच बसतो आणि मग उठण्याचं भानच राहत नाही.

‘पण दार फूटभर उघडं असेल की,’ भाचा म्हणाला. इथेच बहुतेक जण फसतात. दार उघडं असणं आणि हवा खेळती असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बाजूला खाली फट असेल तर आतली गरम हवा छताशी अडकून राहते. शिवाय ज्वाळा गार, जाड तळाच्या भांड्यावर आपटत असेल, किंवा रुंद भांड्याने बर्नर झाकला जात असेल, तर हवा पुरेशी असूनही कार्बन मोनॉक्साइड बनतो. म्हणून अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणा स्पष्ट सांगतात की कॅम्पस्टोव्ह, ग्रिल, जनरेटर यांपैकी काहीही घरात, तळघरात वा गॅरेजमध्ये लावू नका. दार उघडं ठेवून सुद्धा नाही. गॅरेज घराला लागून असेल तर तो वायू आत झोपलेल्या माणसांपर्यंतही पोहोचतो.

दुसरा धोका गळतीचा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो. गॅरेजमध्ये पाणी तापवण्याचा गॅसवरचा बंब असेल आणि त्याची ज्योत खालच्या बाजूला असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. काढा उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस चालूच राहिला, तर हाच प्रसंग ओढवतो. माल्टच्या काढ्यात प्रथिनं भरपूर असतात. उकळी फुटण्याच्या क्षणी ती फेस धरतात आणि दुधासारखा हा काढा एका नजरेआड उतू जातो. म्हणून पातेल्याचा वरचा पाव भाग रिकामा ठेवायचा आणि उकळी येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

हे वाचून ‘आपला काय संबंध’ असं वाटलं असेल तर एकच आठवण करून देते. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब, बिनखिडकीच्या न्हाणीघरात गॅस गीझरखाली बेशुद्ध पडलेली व्यक्ती, या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. कारण तेच आणि वायूही तोच. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा. कुणाला बंद जागेत चक्कर आली तर आधी त्याला उघड्यावर न्यावं, मग गॅस बंद करावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. आत जाताना आपणही श्वास रोखून, झटपट बाहेर पडायच्या तयारीने जावं.

तापवणं सोपं, निववणं कठीण

पूर्ण उकळीत दुसरा पेच थंड करण्याचा. यीस्ट घालण्यासाठी काढा २० अंशांच्या आसपास यावा लागतो. अर्ध्या उकळीत हे काम आपोआप व्हायचं. भांडं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवायचं आणि वरून निम्मं गार पाणी ओतायचं. त्या गार पाण्यात प्राणवायूही विरघळलेला असतो, आणि यीस्टला पेशी वाढवायला सुरुवातीला तो लागतो. पूर्ण उकळीत या दोन्ही गोष्टी हातच्या जातात. प्राणवायू उकळीबरोबर निघून जातो, म्हणून काढा थंड झाल्यावर मुद्दाम हलवून घुसळून तो मिसळावा लागतो.

शिवाय भांडं मोठं झालं की आकारमान जितकं वाढतं तितकं पृष्ठफळ वाढत नाही. काढा दुप्पट झाला तर त्याच घडणीच्या भांड्याची बाहेरची बाजू दीडपटीच्या जरा वर जाते. उष्णता बाहेर पडते ती त्या बाजूनेच. म्हणून वाटीतली आमटी लगेच निवते आणि पातेल्यातली तासभर गरम राहते. २० लिटर काढा नुसता ठेवून दिला तर कोमट व्हायला रात्र जाते. आणि कोमट गोड काढा म्हणजे सूक्ष्मजंतूंना उघडं निमंत्रण. दूध विरजताना जसं योग्य विरजण वेळेत पडलं नाही तर दुसरंच काही वाढतं, तसंच इथे. बीअर का नासते याचा छडा लुई पाश्चर यांनी लावला आणि १८७६ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

उपाय म्हणून वापरतात तांब्याच्या नळीचं वेटोळं. आठ ते पंधरा मीटर लांबीची नळी काढ्यात बुडवायची आणि तिच्यातून गार पाणी सोडायचं. उष्णता वाहून नेण्यात तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा वीसपटीहून सरस असल्याने साधारण अर्ध्या तासात काम होतं. आपला जुना तांब्याचा बंब आठवा. त्यात निखाऱ्यांची नळी पाण्याच्या पोटातून जाते, म्हणून पाणी झटकन तापतं. हे वेटोळं म्हणजे उलटा बंब. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते काढ्यातच उकळून घेतलं की निर्जंतुकही होतं.

‘त्यापेक्षा पातेलं अंगणातल्या बर्फात ठेवतो,’ भाचा म्हणाला. ऐकायला सोपं आहे, पण भुसभुशीत बर्फात हवाच जास्त असते. पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून पोकळी तयार होते आणि काढा त्या पोकळीत दुलई पांघरल्यासारखा गरम राहतो. आणि मिनेसोटात जानेवारीत अंगणातला नळ गोठू नये म्हणून बंद केलेला असतो. वेटोळ्याला पाणी आणायचं कुठून?

उकळतं ओझं

तिसरी गोष्ट फोटोत दिसत नव्हती. २३ लिटर काढा आणि पातेलं मिळून वजन २८-३० किलो होतं. इतकं उकळतं ओझं उचलून पायऱ्या चढणं म्हणजे पाठ आणि पाय दोन्ही पणाला लावणं. साखरेचा काढा पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. म्हणून अनुभवी लोक पातेल्याला खाली तोटी असलेलं भांडं घेतात, जिथे उकळतात तिथेच थंड करतात आणि मगच हलवतात. पायांत बंद बूट असतात, आसपास मुलं आणि कुत्री नसतात.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. हे आपल्या स्वयंपाकघरालाही तितकंच लागू.

आणि बीअरचं काय?

‘घरची’ म्हणून बीअर आरोग्याला बरी, असा समज तिकडेही आहे. तो खरा नाही. मद्यार्क तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात ठेवलं आहे, आणि २०२३ मध्ये संघटनेने मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही असं स्पष्ट केलं. १९ लिटर म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या पन्नासहून अधिक बाटल्या. घरात इतकी बीअर तयार असली की मोजून पिणं अवघड होतं, हे छंदिष्टांनीही मान्य करायला हवं.

इथे मिथेनॉलची शंका अनेकांच्या मनात येईल. २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसं दगावली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. जवाचा काढा आंबवताना तशा घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. म्हणून ते दारूकांड आणि हा छंद एका मापाने मोजू नयेत.

तर, त्या दिवशी आमचा हिशेब संपला आणि पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘म्हणजे तीनशे डॉलर वाया गेले म्हण की.’

‘वाया कशाला? एप्रिलपर्यंत थांब. नळ सुरू होईल, अंगणात उभं राहता येईल. आणि मला एक सांग, तुला पूर्ण उकळी हवीय की मोठं पातेलं हवंय?’

प्रश्न त्याला बरोबर लागला. पूर्ण उकळी म्हणजे सगळं पाणी सुरुवातीपासून भांड्यात असणं. भांडं किती मोठं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. अर्क निम्मा घेतला, एकच डबा, तर साडेनऊ लिटर बीअरसाठी बारा-तेरा लिटर उकळावे लागतात. त्याच्या जुन्या १९ लिटरच्या भांड्यात ते सहज मावतात, आणि दोन बर्नर व्यापेल असं ते आडवं ठेवलं तर घरच्या शेगडीवर उकळतातही. रंग सोनेरी, कडवटपणा पुरेपूर, आणि थंड करायला सिंक पुरे. घाणा मोठाच हवा असेल तर आणखी एक सोपी वाट आहे. अर्धी उकळी काढायची, पण निम्माच अर्क आधी घालायचा आणि उरलेला शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत. हॉप्सना पातळ काढा मिळतो आणि रंगही फारसा चढत नाही.

त्याने घाणा लहान केला. वाफेने खिडक्या भिजल्या, म्हणून शेगडीवरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवावी लागली, एवढीच तक्रार. पुढच्या फोटोत स्वयंपाकघर होतं, जुनं भांडं होतं आणि मागच्या भिंतीवर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा नवा कोरा गजर लावलेला दिसत होता. खाली एकच ओळ : ‘मावशी, तीस डॉलर आणखी गेले.’

मी कळवलं, ‘हे मात्र वाया गेले नाहीत.’